कोठे थांबावे?

लग्नसराई आटोपली की आपल्या समाजातील घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो: मुलाने आणि नव्या सुनेने आठ दिवस कोठे जाऊन यावे? पूर्वी या प्रश्नाला फारशी जागा नव्हती. कुलदेवतेच्या पायांवर जोडीने डोके ठेवावे, देवीची ओटी भरावी, वाटेत दोन नातलगांकडे जेवावे आणि घरी यावे, एवढाच नवदांपत्याचा प्रवास असे. आता घरोघर मोटार आहे, रस्ते चांगले आहेत, हातात थोडा पैसा खेळतो आहे. दोघांनी दोघांपुरता थोडा वेळ काढावा आणि समुद्राच्या काठाकाठाने हिंडावे, यात मला तरी काही वावगे दिसत नाही. परंतु या प्रवासाची जी आखणी होते तिच्यात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आखणी करणारा लिहितो, येथे दहा मिनिटे थांबायचे, तेथे सूर्यास्त पाहायचा, अमक्या ठिकाणी छायाचित्र घ्यायचे. जेथे आपण असे थांबतो त्या जागेचे, आणि तेथे राहणाऱ्या माणसांचे, आपण काही देणे लागतो की नाही?

प्रश्न हवेत ठेवला म्हणजे उत्तरही हवेत राहते. म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे घेऊ या. ते ठिकाण रामेश्वराचे बेट.

हे बेट तामिळनाडूच्या टोकाशी असले तरी आपणांस परके नाही. काशी-रामेश्वर हा जोडशब्द मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. सेतूची वाळू प्रयागी नेऊन गंगेत सोडावी आणि गंगाजल आणून रामनाथाला अभिषेक करावा, तेव्हा यात्रा पुरी झाली असे आपले वाडवडील मानीत. तेथील गाभाऱ्यात पूजा करणारे पुरोहितही परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण असून त्यांना शृंगेरी मठाची दीक्षा असते. आज त्याच बेटावर यात्रेकरूंच्या बरोबरीने नवविवाहित जोडपीही मोटारीने येतात. समुद्रावरून जाणारा पूल, दोहो बाजूंस पाणी असलेली वाट आणि शेवटी दोन समुद्र जेथे भेटतात ते वाळूचे टोक, एवढे सगळे चाळीस किलोमीटरांच्या आत दुसरीकडे क्वचितच सापडेल. तेव्हा यात्रा आणि विहार या दोहोंची गाठ जेथे पडते अशा या बेटावरच आपला प्रश्न नीट उलगडेल.

पहिला थांबा प्रत्येक जण लिहितो तो पांबनच्या पुलाचा. मुख्य भूमीवरील मंडपमपासून बेटाकडे जाणारा रेल्वेचा पूल १९१४ साली खुला झाला. खालून जहाज जायचे असले म्हणजे त्याचा मधला भाग दोन बाजूंना उघडत असे. मोटारीचा रस्ता मात्र १९८८ साली झाला. तोपर्यंत बेटावर जायचे तर आगगाडीने नाही तर होडीने. जुन्या पुलावरील गाड्या डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्या, आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, नव्या रेल्वे पुलाचे उद्‌घाटन झाले. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा भाग जहाजासाठी उभा वर उचलला जातो. शेजारच्या उंच रस्त्यावरून खाली पाहिले की हिरवट निळे पाणी, मासेमारीच्या होड्यांच्या रांगा आणि पाण्यालगत धावणारी आगगाडी एकाच दृष्टिक्षेपात येते. कोणाचाही पाय तेथे घुटमळेल. म्हणूनच त्या पुलावर मोटारी उभ्या राहतात आणि मागच्या वाहनांचा खोळंबा होतो.

येथे वकिलीच्या धंद्यातील एक साधे तत्त्व आठवते. सार्वजनिक रस्त्यावर प्रत्येकाचा अधिकार असतो तो जाण्यायेण्याचा. थांबण्याचा अधिकार असला तरी तो त्या जाण्यायेण्यास पूरक असेल तेवढाच. तत्त्व कायद्याचे आहे, पण त्यात नीतीही आहे. त्या पुलावर आपल्या मागे जी गाडी अडली आहे तिच्यात बर्फात ठेवलेली मासळी असेल, किंवा पलीकडच्या इस्पितळात निघालेली बाळंतीण असेल. आपल्या दृष्टीने पूल हा देखावा आहे; बेटावरच्या माणसाला तो बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता आहे. थांबणाऱ्याचा अधिकार हा जाणाऱ्याच्या अधिकाराहून धाकटा आहे, एवढे ज्याने ओळखले त्याला अर्धे उत्तर सापडले. मोटार पुलाच्या अलीकडे किंवा पलीकडे सोयीच्या जागी उभी करावी आणि समुद्र डोळे भरून पाहावा. त्याने समुद्र काही कमी होत नाही.

परंतु कायदा एवढेच सांगतो की दुसऱ्याला अडवू नका. कोठे थांबावे हे तो सांगत नाही. त्यासाठी पूल ओलांडून थोडे पुढे गेले पाहिजे. पांबनहून रामेश्वर गावाकडे जाताना तंगच्चिमडमजवळ विल्लूंडी तीर्थ लागते. तेथे समुद्रात एक गोड्या पाण्याची विहीर आहे. भोवती खारे पाणी आणि मध्ये हे गोडे पाणी, म्हणून लोक नवलाने पाहतात. कथा अशी सांगतात की, लंकेहून परतताना सीतामाईला तहान लागली, तेव्हा रामचंद्रांनी येथे धनुष्य रोवले आणि गोडे पाणी वर आले. नावाचा अर्थही धनुष्य रोवलेली जागा असाच आहे.

कथेची ऐतिहासिक उलटतपासणी करण्याचे येथे कारण नाही. तिच्यात प्रवासाचा एक नियम आहे, तो पाहावा. राम तेथे थांबले ते जागा सुंदर होती म्हणून नव्हे. बरोबरीच्या माणसाला तहान लागली, म्हणून ते थांबले. जागा सुंदर झाली ती नंतर. आजची आखणी नेमकी याच्या उलट चालते. जागा आधी ठरते, मिनिटे आधी ठरतात, आणि बरोबरीच्या माणसाची तहान त्या वेळापत्रकात बसली तर बसते. दोघांच्या प्रवासाची आखणी बहुधा एकच जण करतो आणि दुसऱ्याने फक्त आनंदित व्हायचे असते. आखणी हे प्रेमाचे रूप असू शकते, तसे ते सत्तेचेही असू शकते. नवऱ्याने महिनाभर खपून वीस थांबे लिहून काढले आणि बायकोला तिसऱ्याच थांब्यावर तासभर नुसते बसावेसे वाटले, तर उरलेल्या सतरांचे काय करायचे? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुढचा संसार याच प्रश्नाच्या निरनिराळ्या रूपांनी भरलेला असतो.

रामेश्वराच्या देवळात गेल्यावर हाच विचार आणखी खोल जातो. हजाराहून अधिक खांबांची ती लांबच लांब ओवरी आणि आतील बावीस तीर्थांची स्नाने यांचे वर्णन आपल्या वाचकांनी आजीआजोबांच्या तोंडून ऐकलेले असेल. गाभाऱ्यातील दोन लिंगांची कथाही ठाऊक असेल. रावणवधाचे प्रायश्चित्त म्हणून शिवलिंग स्थापन करायचे ठरले, मुहूर्त निश्चित झाला, आणि मारुतिराय कैलासाहून लिंग आणावयास गेले. त्यांना उशीर झाला. मुहूर्त टळू लागला, तेव्हा सीतामाईने समुद्राची वाळू हातांनी थापून लिंग केले आणि त्याचीच स्थापना झाली. मारुतिराय परतले ते खट्टू झाले. तेव्हा रामांनी त्यांनी आणलेले लिंगही स्थापिले आणि सांगितले की, पहिली पूजा याची होईल. आजही पूजेचा तोच क्रम आहे.

म्हणजे ज्या जागेसाठी भारतभरातून लोक येतात ती जागा मुळात एका फसलेल्या आखणीतून उभी राहिली आहे! ठरलेली वस्तू वेळेवर आली नाही. जे हाताशी होते त्यातूनच, एका स्त्रीच्या हातांनी, देव घडला. आणि जो उशिरा आला त्याला कोणी बोल लावला नाही. उलट मान दिला. जोडीने प्रवास करणाऱ्यांना याहून अधिक उपयोगाचा धडा कोणता असेल? गाडी चुकते, पाऊस येतो, मुक्कामाची खोली मनासारखी नसते. अशा वेळी वाळूचे लिंग करता आले पाहिजे, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्याचा मान राखता आला पाहिजे.

देवळापासून जवळच राहणाऱ्या एका कुटुंबाची हकीकतही येथे सांगण्याजोगी आहे. आपले माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्म १९३१ साली याच गावी झाला. त्यांच्या वडिलांची यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेणारी होडी होती. सीताराम-कल्याणाच्या वार्षिक उत्सवात देवाच्या मूर्ती रामतीर्थाच्या मध्यभागी विवाहस्थळी नेण्यासाठी होड्यांची व्यवस्था कलामांचे मुसलमान कुटुंब करीत असे, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पाण्यात तरंगणारा देवाचा लग्नसोहळा पाहणाऱ्याला मनोहर दृश्य वाटले असेल. पण त्या दृश्याखाली कोणाची तरी होडी होती, कोणाचे तरी हात वल्ह्यांवर होते. आपण देखावा म्हणून जे पाहतो ते बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी काम असते. कलामांच्या वडिलांची ती होडी पुढे एका वादळात गेली. या बेटावर समुद्र देतो तसा नेतोही, आणि त्याची सर्वांत मोठी खूण बेटाच्या टोकाशी आहे.

रामेश्वर गावापासून सुमारे वीस किलोमीटरांवर धनुष्कोडी आहे. एके काळी तेथे भरले गाव होते. रेल्वे स्थानक होते, टपाल कचेरी होती, चर्च होते. मद्रासहून निघालेली बोट मेल तेथवर येई आणि उतारू आगबोटीने लंकेतील तलैमन्नारला जात. १९६४ च्या डिसेंबरात, २२ आणि २३ तारखांमधील रात्री, चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली उतारूंची गाडी लाटांनी गिळली. तिच्यातील शंभराहून अधिक माणसे गेली. गाव उद्ध्वस्त झाले, आणि ते वस्तीस अयोग्य असल्याचे मद्रास सरकारने जाहीर केले. रेल्वे पुन्हा तेथे गेली नाही. वाळूत चर्चच्या भिंती, स्थानकाचे अवशेष आणि काही पडकी घरे तेवढी उरली. पुढे २०१७ साली अरिचलमुनै या अगदी टोकापर्यंत पक्की सडक झाली, आणि पूर्वी वाळूतून हाल सोसत जावे लागे तेथे मोटार सहज जाऊ लागली.

आज ते पडके चर्च नवदांपत्यांच्या आवडीचा थांबा आहे. छप्पर नसलेल्या भिंतींतून निळे आकाश दिसते, वाऱ्याने ओढणी उडते, छायाचित्र सुरेख येते. आणि येथेच आपला प्रश्न उघडा होऊन समोर उभा राहतो. ज्या वाळूवर एका रात्रीत एवढी माणसे मेली, तेथे आपल्या सुखाचे चित्र काढून घ्यावे काय?

याला दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर कडक वृत्तीच्या माणसाचे. तो म्हणतो, तीर्थक्षेत्री विलास नकोच. जायचे तर यात्रेला जा, नाही तर घरी बसा. हे उत्तर मला पटत नाही. यात्रेकरूही आंधळा असू शकतो. बावीस तीर्थांची स्नाने उरकण्याच्या घाईत म्हाताऱ्या माणसाला ढकलणारे भाविक प्रत्येक क्षेत्री दिसतात. जानेवारी १८९७ मध्ये पश्चिमेकडून परतलेले स्वामी विवेकानंद पांबनला उतरले आणि रामेश्वराच्या देवळात बोलले. दीनदुबळ्यांमध्ये जो शिव पाहतो त्याचीच पूजा खरी, मूर्तीपुरतीच ज्याची दृष्टी ती पूजा आरंभाचीच, हा त्या भाषणाचा आशय होता. तेव्हा यात्रा म्हटल्याने कोणी सुटत नाही, आणि विहार म्हटल्याने कोणी बुडत नाही. शिवाय ज्या ज्या भूमीवर माणसे मेली तेथे आनंद वर्ज्य केला, तर पाय ठेवायला पृथ्वीवर जागा उरणार नाही.

दुसरे उत्तर मोकळ्या वृत्तीच्या माणसाचे. रस्ता सरकारचा, समुद्र सर्वांचा, साठ वर्षे लोटली. कोणाचे काय बिघडते? हे उत्तर कायद्याच्या कसोटीला उतरेल. पण त्यात एक वस्तुस्थिती सुटते. धनुष्कोडी रिकामी नाही. गाव अयोग्य ठरले तरी कोळ्यांची काही कुटुंबे तेथेच झोपड्या बांधून राहत आली आहेत. ती मासे धरतात, वाळूत उथळ विहिरी खणून गोडे पाणी काढतात, आणि आलेल्या प्रवाशांना शंख-शिंपले व तळलेले मासे विकतात. ज्याला आपण अवशेष म्हणतो ते त्यांचे अंगण आहे.

आपल्या गोमंतकीय वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. कारण आपण स्वतःच आता लोकांच्या यादीतील थांबा झालो आहोत. पणजीतील फोंताइन्हासच्या गल्ल्यांत लोकांच्या दारांपुढे आणि खिडक्यांपुढे परके लोक उभे राहून छायाचित्रे घेतात, आणि तेथील रहिवाशांना तसे करू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या आहेत. आपल्या देवळांच्या दीपमाळेशी आणि तळीच्या पायऱ्यांवर काय चालते तेही आपण पाहतो. आपल्या दारात दुसऱ्याने कसे थांबावे हे आपल्याला नेमके ठाऊक असते. येणारा येऊ नये असे आपले म्हणणे नसते. त्याने आधी माणूस पाहावा आणि मग घर पाहावे, एवढेच म्हणणे असते. मग दुसऱ्याच्या दारात जाताना हाच नियम आपण का विसरावा?

माझे उत्तर या नियमातच आहे. धनुष्कोडीला अवश्य थांबावे. दोघांनी जोडीने थांबावे, आनंदातही थांबावे. पण आधी तेथे काय झाले ते जाणून घ्यावे, आणि मग हात उचलावा. ज्या भिंतींच्या आत लोक प्रार्थनेला बसत, तेथे आपण देवळात जसे वागतो तसेच वागावे. तेथील बाईकडून शंख घेताना दोन शब्द बोलावे, तिचे पाणी फुकट सांडू नये. मला वाटते, अशा रीतीने काढलेले छायाचित्र आणि न जाणता काढलेले छायाचित्र पाहणाऱ्याला सारखेच दिसेल. पण काढणारी माणसे सारखी असणार नाहीत, आणि नीतीचा विचार चित्रापेक्षा माणसाचाच करीत असतो.

याच वाटेचा एक मराठी यात्रेकरू आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पैठणचे एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले. त्यांनी ती कावड त्याच्या तोंडात रिती केली आणि रामेश्वराला येथेच अभिषेक पोचला असे मानले. शेकडो कोसांची आखणी होती, शेवटचा थांबा ठरलेला होता, वस्तू पवित्र होती. तरीही जेथे थांबायचे ठरलेले नव्हते तेथे ते थांबले. विल्लूंडीला बरोबरीच्या माणसाची तहान होती. येथे तहान अनोळखी मुक्या जनावराची होती. थांबायचे कोठे याचा निर्णय दोन्ही वेळा तहानेने केला, यादीने नव्हे.

परतीच्या वाटेवर कोदंडराम स्वामींचे देऊळ लागते. १९६४ च्या वादळातही ते टिकून राहिले. बिभीषण समुद्र ओलांडून रामाला शरण आला तो येथे, अशी श्रद्धा आहे. तो शत्रूचा भाऊ. न कळवता आलेला. त्याला आश्रय द्यावा की नाही यावर वानरसेनेत वाद झाला, आणि रामांनी त्याला अभय दिले. २०२२ च्या मार्च महिन्यात, श्रीलंकेत अन्नधान्याची भीषण टंचाई असताना, तिकडील काही तामिळ कुटुंबे लेकराबाळांसह होडीतून आली आणि अरिचलमुनैजवळच्या वाळूच्या पट्टीवर उतरली. आपल्या तटरक्षक दलाने त्यांना तेथून सोडविले. आपण ज्या टोकावर मजेने उभे राहतो तेच टोक दुसऱ्या कोणासाठी जीव वाचण्याचा किनारा असतो. हे लक्षात ठेवल्याने आपला आनंद मलिन होतो असे मला वाटत नाही. तो थोडा गंभीर होतो, आणि ज्यांनी नुकतीच सप्तपदी घातली आहे त्यांना थोडे गांभीर्य सोसण्यासारखे असते.

तेव्हा आपल्या घरातील कोणी जोडपे या बेटाकडे निघाले, तर त्यांना अडवू नये आणि नुसती यादीही हाती देऊ नये. थांबे थोडे ठेवा, असे सांगावे. पुलावर मोटार उभी करू नका. विल्लूंडीचे पाणी चाखा. देवळाला अर्धा दिवस द्या. धनुष्कोडीला सकाळी जा, कारण सूर्यास्तापूर्वी तेथून परतावे लागते आणि तेथील समुद्र स्नानाला धोक्याचा आहे. आणि रोजच्या दिवसातील दोन प्रहर मोकळे सोडा, त्यांवर काही लिहू नका. त्या मोकळ्या वेळात कोणाला तहान लागेल ते आज सांगता येत नाही. तिला किंवा त्याला लागेल, नाही तर वाटेवरच्या तिसऱ्याच कोणाला. ती लागली म्हणजे थांबता यावे, एवढ्यासाठी ती जागा रिकामी हवी.